राखणदार यकृतातून येतो

१९६२ साल, स्वीडनमधलं माल्मो हे बंदराचं शहर. तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कार्ल-बर्टिल लॉरेल कागदाच्या अरुंद पट्ट्या तपासत होते. प्रत्येक पट्टी म्हणजे एका रुग्णाचं रक्त. पेशी वगळून उरलेला पिवळसर द्रव कागदावर ठेवायचा आणि वीज सोडायची, की त्यातली प्रथिनं आपापल्या वेगानं सरकू लागतात. मग रंग दिला की कोणतं प्रथिन कुठवर पोचलं ते रेघांच्या रूपात दिसतं. रोजचं, त्याच त्या पद्धतीचं काम. अशा सुमारे १५०० पट्ट्यांमध्ये लॉरेलना पाच पट्ट्या वेगळ्या वाटल्या. त्यांच्यावर जास्तीचं काही उमटलं नव्हतं. उलट एक रेघ नव्हती.

जे नाही ते दिसायला नजर किती तयार लागते! दुसऱ्या कुणी वाईट नमुना म्हणून त्या पट्ट्या बाजूला टाकल्या असत्या. लॉरेलनी स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला हाताशी घेतलं आणि त्या पाच माणसांची चौकशी सुरू केली. पाचांपैकी तिघांना एम्फिसीमा होता, आणि तोही ऐन उमेदीच्या वयात. एम्फिसीमात फुप्फुसांतल्या नाजूक भिंती विरत जातात, हवा आत अडकून राहते, आणि पुढे पुढे जिन्याच्या चार पायऱ्यांनीही धाप लागते. १९६३ मध्ये दोघांनी यावर छोटासा शोधनिबंध छापला. हरवलेली रेघ ज्या प्रथिनाची होती त्याचं नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला एएटी म्हणू.

खरी गंमत इथून पुढे आहे. एएटी जवळजवळ सगळं तयार होतं यकृतात. म्हणजे ज्या प्रथिनावाचून फुप्फुसं झिजतात, ते फुप्फुसं स्वतः बनवतच नाहीत म्हणा ना. यकृत ते बनवून रक्तात सोडतं, रक्तातून ते फुप्फुसांत पाझरतं. श्वासाचा राखणदार पोटातून यावा, हे कशासाठी?

त्यासाठी आधी राखायचं काय आहे ते बघू. माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. एकेक जेमतेम पाव मिलिमीटरचा. श्वासातली हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतका पातळ. रोज साधारण १०,००० लिटर हवा फुप्फुसांत शिरते आणि बाहेर पडते. शांत बसलेलं असताना श्वास घेताना स्नायूंना काम करावं लागतं, सोडताना मात्र काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपलं आपण आकसतं. हे आकसणं घडवून आणणारे धागे इलास्टिन नावाच्या प्रथिनाचे असतात.

हे धागे किती टिकतात? ते शोधायला शास्त्रज्ञांनी जी युक्ती वापरली, ती ऐकून अंगावर काटा येतो. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. तो कार्बन वनस्पतींत गेला, तिथून अन्नात, तिथून आपल्या शरीरांत. त्या काळानंतर शरीरात जे जे नवं बनलं त्यावर ही खूण बसली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या फुप्फुसांतलं इलास्टिन तपासलं. चाचण्यांच्या आधीच वाढ पूर्ण झालेल्या माणसांच्या इलास्टिनमध्ये बॉम्बच्या कार्बनची खूण जवळपास नव्हती. गणित मांडल्यावर इलास्टिनमधल्या कार्बनचा सरासरी मुक्काम ७४ वर्षं निघाला. म्हणजे आईच्या पोटात आणि लहानपणी विणले गेलेले धागेच आपल्याला जन्मभर पुरवायचे असतात. आज तुम्ही जो श्वास सोडलात, तो तुमच्या पहिल्या काही वर्षांत तयार झालेल्या धाग्यांनी बाहेर ढकलला.

अशा न बदलता येणाऱ्या धाग्यांच्या शेजारी निसर्गानं काय आणून ठेवलंय? त्यांना तोडणारं प्रथिन! आपल्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. या म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या पोटात इलास्टेज नावाचं विकर भरलेलं असतं. जंतूंची प्रथिनं तर ते तोडतंच, पण इलास्टिनलाही सोडत नाही. फुप्फुसांत धूळ येते, धूर येतो, जंतू येतात, त्यांच्या मागावर न्यूट्रोफिल येतात, आणि झटापटीत इलास्टेज सांडतं.

विकरांनी फुप्फुस असं विरघळू शकतं, हे एका झाडाच्या चिकानं दाखवून दिलं. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतात ना? मांस मऊ करणारं त्यातलं विकर म्हणजे पपेन. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात पॉल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीतल्या रॅट या प्राण्यांच्या फुप्फुसांत पपेन सोडलं. त्या प्राण्यांना एम्फिसीमा झाला. पट्टीवरच्या नसलेल्या रेघेचा अर्थ आता लागला. एएटी हे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना थोपवणारं प्रथिन. ते नसलं की इलास्टेजला मोकळं रान.

आता ते थोपवतं कसं? मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

घरातला स्प्रिंगचा उंदीर-सापळा आठवा. दांडा ताणून अडकवलेला असतो, टोकाला आमिष. एएटीची घडण हुबेहूब तशी आहे. ३९४ अमिनो आम्लांची साखळी घडी घालून बसलेली असते, पण पूर्ण विसाव्याच्या घडीत नाही. तिचा एक लांब फास बाहेर काढून ताणून ठेवलेला असतो. त्या फासावर, ३५८ व्या जागी, मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. इलास्टेजचं हे आवडतं खाद्य. इलास्टेज येतं, फास तोडायला तोंड लावतं, आणि तोडण्याच्या मधल्याच क्षणी फासाला चिकटलेलं असताना सापळा सुटतो. तुटलेला फास झपकन एएटीच्या पोटातल्या पदरांमध्ये शिरतो आणि इलास्टेजलाही आपल्याबरोबर ओढत नेतो, थेट रेणूच्या दुसऱ्या टोकाला. हे अंतर ७ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास त्या रेणूच्या लांबीएवढंच. तिथे नेऊन ते त्याला असं चिरडतं की त्याची घडी मोडते. विकर कायमचं निकामी.

ही कल्पना नव्हे. केंब्रिजमध्ये जेम्स हंटिंग्टन, रॅंडी रीड आणि रॉबिन कॅरेल यांनी एएटीनं पकडलेल्या विकराचे स्फटिक बनवले, क्ष-किरणांनी त्याच्या अणूंचा नकाशा काढला आणि २००० साली तो जगापुढे ठेवला. त्यांच्या नकाशातलं विकर ट्रिप्सिन होतं, इलास्टेजच्याच घराण्यातलं. त्याच्या रचनेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग विस्कटून गेला होता. एएटीचा एक रेणू एकाच शिकारीपुरता. एकदा सुटलेला सापळा पुन्हा लावता येत नाही. म्हणूनच यकृताला रोज सुमारे २ ग्रॅम एएटी नव्यानं बनवावं लागतं.

आमिष बदललं तर काय होईल? हा प्रयोग कुणी मुद्दाम केला नसता, पण निसर्गानं एकदा केला. पिट्सबर्गमधल्या एका मुलाच्या एएटीमध्ये ३५८ व्या जागी मेथिओनिनऐवजी आर्जिनिन आलं होतं. जनुकातलं एक अक्षर बदललेलं, बस्स. त्यामुळे सापळा इलास्टेजला सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडू लागला. त्यातून दैव असं की जखम झाली, सूज आली की यकृत एएटीचं उत्पादन वाढवतं. म्हणजे मुलाला लागलं की त्याच्या रक्तात रक्तस्रावाचं कारणच वाढायचं. चौदाव्या वर्षी तो रक्तस्रावानं गेला. १९८३ मध्ये या प्रथिनाचं कोडं उलगडून छापलं गेलं. फुप्फुसांचा राखणदार आणि रक्त न गोठण्याचा आजार यांच्यात अंतर होतं फक्त एका अमिनो आम्लाचं.

मग लॉरेलच्या रुग्णांमध्ये काय बिघडलं होतं? त्यांची चूक दुसऱ्या जागी होती. एएटीचं जनुक आपल्या १४ व्या गुणसूत्रावर असतं. त्यात एका ठिकाणी 'जी' या अक्षराच्या जागी 'ए' आलं, आणि ३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसलं. या प्रकाराला झेड म्हणतात. आमिष शाबूत, पण फास जिथे शिरायचा त्या पदरांची तोंडं किंचित उघडी राहतात. मग यकृताच्या पेशीत भलतंच घडतं. एका रेणूचा फास शेजारच्या रेणूच्या पदरांत शिरतो, त्याचा फास पुढच्याच्या पदरांत, आणि अशा लांबच लांब साखळ्या तयार होतात. डेव्हिड लोमास, कॅरेल आणि सहकाऱ्यांनी हे १९९२ मध्ये दाखवलं. साखळीत गुंतलेलं प्रथिन पेशीबाहेर पडू शकत नाही. त्यातलं काही प्रथिन पेशी स्वतःच मोडून टाकते, काही गोळ्यांच्या रूपात आत साचतं. दोन्ही पालकांकडून झेड मिळालेल्या माणसाच्या रक्तात नेहमीच्या फक्त १० ते १५ टक्के एएटी पोचतं.

एक अक्षर, आणि आजार दोन, तेही उलट कारणांनी! फुप्फुसं झिजतात ती प्रथिन पोचत नाही म्हणून. यकृत बिघडतं ते प्रथिन साचतं म्हणून. अशा कुटुंबांत एखाद्या तान्ह्या मुलाची कावीळ रेंगाळते आणि एखाद्या काकाला चाळिशीत धाप लागते. दोघांचं मूळ एकच असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

यापुढची गोष्ट मात्र झेडवाल्यांपुरती नाही. ती तुमची-माझीही आहे. ३५८ व्या जागेवरचं ते मेथिओनिन आठवतंय ना? त्यात गंधकाचा एक अणू असतो. सिगारेटच्या धुरातली प्रखर रसायनं, आणि धुरामुळे चिडलेल्या पेशींनी सोडलेली रसायनं, या गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडून टाकतात. एवढ्यानं आमिष आमिष राहत नाही. असं एएटी इलास्टेजला पकडायला सुमारे २००० पट जास्त वेळ लावतं. जनुक निर्दोष, यकृत तंदुरुस्त, रक्तात राखणदार भरपूर, आणि तरी ऐन मोक्याच्या जागी तो निकामी! शिवाय धूर न्यूट्रोफिलांनाही बोलावून आणतो. म्हणजे तोडणारे वाढतात आणि थोपवणारे घटतात, दोन्ही एकाच झुरक्यात.

आजार आनुवंशिक की परिस्थितीमुळे झालेला, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. इथे आनुवंशिकता आणि परिस्थिती एकाच रेणूवर येऊन भेटतात. जन्मतः मिळालेलं चुकीचं अक्षर राखणदारांची संख्या घटवतं, ओढलेला धूर उरलेल्यांचं आमिष काढून घेतो. दोन्ही झेड असलेला माणूस सिगारेट ओढत असेल तर त्याला चाळिशीच्या आसपास धाप लागू लागते. न ओढणाऱ्याला ती बरीच उशिरा लागते, कित्येकांना लागतही नाही. एकच झेड असलेल्याचंही तसंच. धुरापासून लांब राहिला तर त्याचं सहसा बरं चालतं, सिगारेट ओढली तर धोका इतरांहून जास्त.

तुम्ही म्हणाल, झेड प्रकार तर उत्तर युरोपातल्या लोकांत जास्त आढळतो, भारतीयांत अगदी विरळ. खरं आहे. युरोप-अमेरिकेतसुद्धा फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या, शंभर रुग्णांत एक-दोघांचंच कारण तो असतो. मग बाकीच्यांचं काय? दोघं मित्र तीस वर्षं एकाच टपरीवर उभे राहून सिगारेट ओढतात, एकाची छाती भात्यासारखी वाजू लागते आणि दुसऱ्याला काही होत नाही, असं का?

लाखो माणसांची जनुकं आणि त्यांच्या फुंकरीची, म्हणजे ती किती जोरानं हवा बाहेर सोडतात त्याची, मापं शेजारी शेजारी ठेवून हे शोधलं गेलं. २००९ पासून गुणसूत्रांवरची एकेक ठिकाणं हाती लागत गेली. २०१९ पर्यंत फुप्फुसांच्या क्षमतेशी निगडित अशी २७९ ठिकाणं मिळाली होती. एकेकाचा वाटा अगदी चिमूटभर. त्यांतलं एक १५ व्या गुणसूत्रावर, निकोटिनला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांपाशी आहे. म्हणजे फुप्फुसांच्या आजाराची एक वाट मेंदूतून, सिगारेटच्या तलफेतून जाते. पण त्याहून चकित करणारं ठिकाण चौथ्या गुणसूत्रावरचं, एचएचआयपी नावाच्या जनुकाजवळचं. हे जनुक काम करतं ते गर्भात, फुप्फुसांच्या नळ्यांना फांद्या फुटत असताना! साठीत दिसणाऱ्या आजाराचा एक धागा जन्माआधीच्या बांधकामात आहे.

आणि ही नुसती अटकळ राहिलेली नाही. २०१५ मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या माणसांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या गेल्या. सीओपीडी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची फुप्फुसं झपाट्यानं झिजलेलीच नव्हती. झीज वयाप्रमाणे, चारचौघांसारखी. फक्त तरुणपणीच त्यांची सुरुवात कमी क्षमतेपासून झाली होती. २०१८ मध्ये सीटी स्कॅन तपासताना दिसलं की जवळपास दर चौथ्या माणसाच्या श्वासनळ्यांच्या मोठ्या फांद्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे नसतात. कुणाला एक फांदी जास्त, कुणाची एक कमी. या दोन्ही प्रकारांचा सीओपीडीशी संबंध दिसला, आणि कमी फांदीच्या प्रकाराचा धागा एफजीएफ१० या गर्भातल्या फुप्फुस घडवणाऱ्या जनुकापर्यंत पोचला. आपण वर्षानुवर्षं छातीत एक अनोखा नकाशा घेऊन फिरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

हे भारतात फार महत्त्वाचं आहे. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्यांत आयुष्यात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका आहेत. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे साऱ्या जगाचं लक्ष वेधलं. चूल, गोवऱ्या, लाकूडफाटा. चुलीच्या धुरानं होणाऱ्या आजारात वायुकोशांपेक्षा नळ्यांचं नुकसान जास्त दिसतं. ज्या बाईच्या नळ्या जन्मतःच अरुंद असतील, तिला तोच धूर इतरांहून लवकर भोवणार. तिला ते कुणी सांगितलेलंही नसतं.

पुन्हा एएटीकडे येऊ, कारण तिथे आत्ता आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी घडतंय. १९८७ पासून अमेरिकेत रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं एएटी दर आठवड्याला शिरेतून देता येतं. त्यानं फुप्फुसांची झीज मंदावते, पण यकृतातली गर्दी तशीच राहते. मूळ चूक दुरुस्त करायची तर 'ए' चं पुन्हा 'जी' करायला हवं. आणि निसर्गात डीएनएवर हे काम करणारं विकर माहीतच नव्हतं! हार्वर्डमध्ये डेव्हिड लिऊ यांच्या प्रयोगशाळेनं आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचं एक विकर घेतलं. ते आरएनएवर काम करणारं. त्यात पिढ्यानपिढ्या बदल घडवत, निवड करत त्यांनी ते डीएनएवर चालणारं केलं. २०१७ मध्ये ते तयार झालं. मार्च २०२५ मध्ये बीम थेरप्युटिक्स या कंपनीनं जाहीर केलं की असं विकर बनवण्याचा संदेश मेदाच्या सूक्ष्म थेंबांत घालून एकदाच शिरेतून दिल्यावर झेड रुग्णांच्या यकृतानं निर्दोष एएटी बनवून रक्तात सोडलं. रुग्ण मोजकेच, अभ्यास अगदी सुरुवातीचा. पण तीन अब्ज अक्षरांच्या पोथीतलं नेमकं एक अक्षर, जिवंत माणसाच्या यकृतात, जागच्या जागी बदललं गेलं. हे लिहितानाही मी क्षणभर थांबतो.

इलास्टिनचे तुटलेले धागे मात्र ही दुरुस्ती पुन्हा विणून देणार नाही. म्हणून वेळेत कळणं फार मोलाचं. साधी रक्ततपासणी, आयुष्यात एकदाच. दोन झेड निघाले तर सख्ख्या भावंडांचीही करायची, कारण त्यांनाही दोन्ही झेड मिळण्याची शक्यता निदान चारांत एक असते.

लवकर कळून काय होतं, याचं उत्तर पुन्हा माल्मोच्या टोमास स्वेगर या बालरोगतज्ज्ञानं मिळवून ठेवलंय. १९७२ ते १९७४ मध्ये त्यांनी स्वीडनमधल्या २ लाख नवजात बाळांची तपासणी केली. दोन झेड असलेली १२० हून जास्त बाळं सापडली. पालकांना इतकी काळजी लागून राहिली की पुढे ही तपासणी बंद करावी लागली, हेही सांगायला हवं. पण त्या मुलांवर वैद्यकांनी नजर ठेवली, त्यांना स्वतःच्या फुप्फुसांबद्दल लहानपणापासून सांगितलं. अठराव्या वर्षी त्यांच्यातली सिगारेट ओढणारी मुलं बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा तपासणी झाली तेव्हा ज्यांनी कधी ना कधी सिगारेट ओढली होती त्यांच्यात सीओपीडीच्या खुणा दिसू लागल्या होत्या. ज्यांनी कधीच ओढली नाही, त्यांची फुंकर निर्दोष जनुकाच्या समवयस्कांइतकीच जोरदार निघाली.